उजव्या कोपऱ्यातलं नाव

मुलीकडे डॅलसला गेले की पहिले आठ दिवस नातवंडांत जातात आणि नंतर मी जुन्या बाजारांत सापडते. जावई वैतागून म्हणतात, "आई, घरात अडगळ काय कमी आहे?" यंदाची अडगळ एक डॉलरची होती. मुखपृष्ठ गेलेलं, पिना गंजलेल्या, बोट लावलं तर पान तुटेल असं पातळसं ख्रिस्ती गाण्यांचं पुस्तक. आतल्या पानावर छापलेलं: स्टॅम्प्स-बॅक्स्टर, डॅलस. काही गाण्यांपुढे कुणीतरी पेन्सिलीनं फुल्या मारलेल्या. आमच्या भजनी मंडळाच्या वहीत मीही तशाच मारते, म्हणून घेतलं.

घरी येऊन उघडलं तर पाश्चात्त्य स्वरलिपीच्या पाच रेघांवर फराळाचं ताट मांडलेलं! सगळे नेहमीचे अंडाकृती ठिपके नाहीत. डो, रे, मी म्हणजे तिकडचे सा, रे, ग. डो त्रिकोणी, रे करंजीसारखा, 'मी' हा सूर शंकरपाळीसारखा. फा काटकोनातला अर्धा त्रिकोण, सोल तेवढा नेहमीसारखा, गोल लाडू, ला चौकोनी वडी आणि टी आइस्क्रीमच्या कोनासारखा. सात सूर, सात आकार, म्हणून या लिपीचं नाव 'शेप नोट्स'. गंमत अशी की यातला डो आपल्या सा-सारखाच फिरता. पट्टी कुठलीही धरा, त्रिकोण दिसला की तो सा. हार्मोनियमवर काळी चार धरली काय नि पांढरी दोन धरली काय, सा रे ग म तेच, तसं. चाळीस वर्षं पेटी वाजवून मला ती इंग्रजी स्वरलिपी कधी वाचता आली नव्हती. ही अर्ध्या तासात वाचता आली.

ती ज्यांच्यासाठी काढली तेही माझ्यासारखेच होते. चार आकारांची रीत एकोणिसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला आली. सात आकारांचं पुस्तक जेसी एकिन यांनी 1846 मध्ये काढलं. शहरातले जाणकार नाकं मुरडत आणि या सुरांना 'बकव्हीट नोट्स' म्हणत. बकव्हीट म्हणजे आपला उपासाचा कुट्टू, त्याचे दाणे तिकोनी असतात. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या शेतकऱ्यांना त्याचं काही वाटलं नाही. शेतातली कामं उरकली की गावात गाण्याचे मास्तर येत, चर्चमध्ये नाहीतर शाळेत दहा-पंधरा दिवस वर्ग चाले. आधी नुसते सूर म्हणायचे, मग त्यांवर शब्द बसवायचे. मास्तर जाताना पुस्तकं विकून जात, कारण बरेचदा ते एखाद्या पुस्तकवाल्या कंपनीचेच असत.

इथे मला हे लोक जास्त आवडायला लागले. भक्ती होतीच, पण धंदाही होता, आणि दोन्ही एकाच पिशवीत घालायला कुणाला लाज वाटत नव्हती. टेनेसीतल्या लॉरेन्सबर्ग गावचे जेम्स व्हॉन पुस्तकं छापत. ती खपावीत म्हणून त्यांनी 1910 मध्ये चार गाणारे पगारावर ठेवले आणि गावोगाव पाठवले. चौघांनी गायचं, ऐकणाऱ्यांनी भारावून पुस्तक घ्यायचं. आज सदर्न गॉस्पेल, म्हणजे या दक्षिणेतली ख्रिस्ती भक्तिगीतं, म्हटलं की जे सुटाबुटातले चौघे डोळ्यांपुढे येतात, ते मुळात फिरते विक्रेते! आमच्याकडे भांडीवाला दारात येऊन ताटली वाजवून दाखवायचा, त्यातलाच प्रकार. व्हॉन यांच्याकडेच काम केलेले व्ही. ओ. स्टॅम्प्स पुढे टेक्ससमध्ये आले, 1924 मध्ये त्यांनी स्वतःची कंपनी काढली आणि मग जे. आर. बॅक्स्टर त्यांना मिळाले. माझं पुस्तक या दोघांचं. हलका कागद, साधी पिन, कारण ते टिकावं अशी अपेक्षाच नव्हती. गाण्याच्या पुढच्या मेळाव्याला लोकांना नवी गाणी हवी असत आणि कंपनीला नवं पुस्तक खपवायचं असे. म्हणजे दरवर्षी गाण्यांचा नवा घाणा काढायचा. त्यातली बहुतेक वर्षभरात विसरली जात, आणि माझं पुस्तक वाजवून पाहिल्यावर सांगते, पुष्कळशी विसरण्यासारखीच होती.

पण काही राहिली. जॉर्जियातल्या डाल्टनचे ए. जे. शोवॉल्टर असेच मास्तर आणि प्रकाशक. 1887 मध्ये त्यांच्या दोन जुन्या विद्यार्थ्यांची पत्रं आली. दोघांच्याही बायका वारल्या होत्या. काय लिहायचं अशा पत्राला? त्यांनी बायबलमधलं वचन लिहिलं: अनादी देव हाच आसरा, आणि खाली त्याचे सनातन बाहू. लिहिता लिहिता त्याचंच ध्रुवपद झालं, चाल झाली. कडवी काही जमेनात. मग ती गीतकार एलायशा हॉफमन यांच्याकडून टपालानं मागवली. 'लीनिंग ऑन द एव्हरलास्टिंग आर्म्स' असं जुळलं. ध्रुवपद एकाचं, कडवी दुसऱ्याची, आणि दुःख भलत्याच दोघांचं.

अल्बर्ट ब्रमली यांची गोष्ट मला त्याहून जवळची वाटते. ओक्लाहोमातल्या शेतकऱ्याचा हा मुलगा 1926 मध्ये गाणं शिकायला आर्कान्सातल्या हार्टफर्डला पोचला, तेव्हा फीपुरतेही पैसे नव्हते. तिथली गाण्याची शाळा नि पुस्तकांची कंपनी चालवणाऱ्या यूजीन बार्टलेट यांनी त्याला आपल्या घरीच ठेवून घेतलं. पुढे 1929 च्या सुमाराला वडिलांच्या शेतात कापूस वेचताना तो एक जुनं गाणं गुणगुणत होता. तुरुंगातला कैदी पंख मागतो, असं काहीसं. त्यावरून उडून जायची कल्पना सुचली. गाणं पुरं व्हायला वेळ लागला. कंपनीकडे पाठव म्हणून बायकोनं, गोल्डीनं, मागे लागून पाठवायला लावलं आणि 1932 मध्ये हार्टफर्डच्या पुस्तकात ते छापून आलं. 'आय्ल फ्लाय अवे'. कापूस वेचून ज्याची कंबर मोडलीय त्यालाच हे सुचावं. एसीत बसून नाही सुचायचं. गोऱ्यांचे मेळावे वेगळे आणि काळ्यांची चर्चं वेगळी असा तो काळ होता. हे गाणं मात्र कुंपण ओलांडून गेलं. न्यू ऑर्लिन्सच्या अंत्ययात्रांत बँडवाले तेही वाजवतात.

ब्रमली यांनी आठशेच्या आसपास गाणी लिहिली, पण हे गाणं कुणा माणसानं लिहिलंय हेच लोक विसरले. पुष्कळांना ते फार जुनं लोकगीत वाटतं. इथे मला आपले संत फार हुशार वाटले. 'तुका म्हणे', 'नामा म्हणे', 'दासी जनी'. नाव चालीतच विणून टाकलं, काढायला जावं तर अभंगाला भोक पडेल. या बिचाऱ्यांचं नाव गाण्याच्या वर, उजव्या कोपऱ्यात, मुंगीएवढ्या अक्षरात.

एका रविवारी मुलगी मला जवळच्या एका छोट्या चर्चमध्ये गाण्याला घेऊन गेली. दुपारचं जेवण आधीच टेबलावर झाकून ठेवलेलं, त्याचा वास आतपर्यंत. ज्याला वाटेल त्यानं पुढे यायचं, पुस्तकातला आकडा सांगायचा आणि सगळ्यांना गायला लावायचं. मला बायकांमध्ये, खालच्या आवाजाच्या बाजूला बसवलं. दोन गाणी मी शेजारणीच्या सुरात गेले, तिसऱ्याला शंकरपाळ्यांवर बोट ठेवून आपल्या वाटेनं आले. मग आलं ब्रमलींचं गाणं. पुढच्या बाकावर नव्वदीतले आजोबा होते. त्यांनी आकडा ऐकला, पान काढलं आणि न बघता मांडीवर पुस्तक पालथं घातलं. डोळे मिटून सगळी कडवी म्हटली.

जेवताना ते शेजारी आले, तेव्हा मी विचारलं, हे कुणी लिहिलंय?

"हे ना? हे फार जुनं," ते म्हणाले. "आधीपासूनच आहे."

मी पुस्तक उघडून उजव्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला, पान लांब धरलं.

"त्यासाठी दुसरा चष्मा लागेल," म्हणाले, आणि माझ्या ताटात अजून एक पाव वाढला.