सीट नाही मिळाली, तक्रार करायची का?

इंजिनीअरिंगची कॅप (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेची) फेरी लागली की एकच प्रश्न येतो: "माटुंग्याचं कॉलेज 0.1 ने गेलं, अपील करू का?" नुसतं हुकलं म्हणून असेल, तर करू नका. सीईटीच्या पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, गणित) गटाला तीन लाख मुलं धरली, तर 0.1 पर्सेंटाइल म्हणजे 300 मुलं. सीट कॉम्प्युटर वाटतो, मेरिट नंबर आणि ऑप्शन फॉर्मचा, म्हणजे कॉलेजांच्या पसंतीचा, क्रम बघून. तिथे विनंती चालत नाही, चूक दाखवावी लागते.

चूक शोधायची जागा म्हणजे तात्पुरती गुणवत्ता यादी. ती लागल्यावर तक्रारीला मोजके दिवस मिळतात, आणि नेमके तेच दिवस लोक कटऑफचे अंदाज बांधण्यात घालवतात. लॉगिन उघडा, एकेक रकाना तपासा: प्रवर्ग, ईडब्ल्यूएस, उमेदवाराचा प्रकार, बारावीचे गुण. सगळ्यात जास्त घोळ नॉन-क्रिमिलेअर आणि जात वैधतेत होतो. प्रमाणपत्रासाठी केलेल्या अर्जाची पावती जोडून नोंदणी होते, पण मूळ प्रमाणपत्र ठरलेल्या तारखेला दिलं नाही तर नाव खुल्या गटात जातं. मग तक्रार करून काय उपयोग! अंतिम यादी लागल्यावर तर दुरुस्तीची वाट जवळपास बंदच.

सीट वाटपानंतर "माझ्यापेक्षा कमी पर्सेंटाइलवाल्याला मिळाली" म्हणण्याआधी कटऑफचा कोड वाचा. खुल्या गटातच जीओपनएस (सर्वसाधारण जागा) आणि एलओपनएस वेगळे. एल म्हणजे मुलींच्या राखीव जागा, तिथला आकडा बहुधा खाली असतो. भाषिक अल्पसंख्याक कॉलेजांतही तसंच, त्या भाषिकांच्या जागांची यादी वेगळी. त्याच कोडवर, त्याच फेरीत, तुमच्या मागच्या मेरिट नंबरला सीट गेली असेल आणि तुमच्या फॉर्मात तो पर्याय वर असेल, तर मात्र स्क्रीनशॉट घेऊन लगेच लेखी तक्रार करा. ही प्रवेश प्रक्रिया चालवणारं राज्याचं कार्यालय, सीईटी सेल, मुंबईत फोर्टला, न्यू एक्सेलसियर सिनेमाच्या इमारतीत आहे. पण आधी लॉगिनमधून किंवा ईमेलने पाठवा, म्हणजे तारखेचा पुरावा राहतो.

खासगी कॉलेजच्या संस्था स्तरावरच्या जागांचं गणित निराळं. तिथे कॉलेजकडे वेगळा अर्ज लागतो आणि यादी मेरिटनेच लावावी लागते. डावललं असेल, तर 2015 च्या कायद्यानुसार नेमलेल्या प्रवेश नियामक प्राधिकरणाकडे जाता येतं. सोबत अर्जाची पोच हवीच.

एक मात्र विसरू नका: तक्रार केली म्हणून फेरी थांबत नाही. मिळालेली सीट मुदतीत स्वीकारा, बेटरमेंट (पुढच्या फेरीत वरच्या पर्यायाची संधी) घेता येत असेल तर घ्या. 2025 पासून पहिल्या फेरीत पहिलाच पर्याय मिळाला की सीट आपोआप फ्रीझ होते, म्हणजे पुढच्या फेऱ्यांत बदलता येत नाही, तेव्हा ऑप्शन फॉर्मात पहिलं नाव विचार करूनच टाका.