ब्लेड आलं, कार्डावरचे तास आलेच नाहीत

गोष्ट 2018 ची. माझ्या आर44 हेलिकॉप्टरचं, दर शंभर तास उडल्यावर करायचं इन्स्पेक्शन आठवड्यात उरकेल असं धरून चाललो होतो, लागले दोन महिने, आणि त्यातले पाच आठवडे नुसते एका कागदापायी गेले. अजून आठवलं की डोकं तापतं.

ऑइल, फिल्टर, बेल्ट, गिअरबॉक्सचे चिप डिटेक्टर म्हणजे तेलातले धातूचे कण पकडणारे सेन्सर, सगळं ठीक निघालं. अडलं मेन रोटरच्या ब्लेडवर. जुन्या प्रकारच्या ब्लेडचा टोकाकडचा रंग झिजला की पत्रा आणि स्पारचा, म्हणजे ब्लेडच्या कण्याचा, जोड उघडा पडतो आणि पत्रा सुटायला लागतो, त्यासाठी तेव्हा एडी म्हणजे सक्तीचा आदेश होता, ती तपासणी टाळता येत नव्हती. इंजिनियर नाणं घेऊन जोडाच्या कडेने वाजवत गेले, टक टक टक, आणि एका जागी बद्द. मला म्हणाले, तुम्हीच वाजवून बघा. बोटाच्या पेराएवढी जागा असेल, पण आवाजातला फरक कोणालाही कळला असता. मी गप्पच झालो, याच ब्लेडवर मी आदल्या आठवड्यात उडलो होतो.

नव्या ब्लेडला खूप थांबावं लागणार होतं म्हणून ॲल्युमिनियमच्या पत्र्याची, वापरलेली पण तास शिल्लक असलेली जोडी घेतली. या ब्लेडचं आयुष्य 2200 तास किंवा 12 वर्षं, जे आधी भरेल ते. मशीन शेडमध्ये उभं असलं तरी वर्षं मोजली जातातच, हे घेताना लक्षात ठेवा.

पेटी आली, ब्लेड स्वच्छ, भाग वापरायला योग्य असल्याचं रिलीज सर्टिफिकेटही होतं. पण एका ब्लेडच्या कार्डावर, म्हणजे ते कुठल्या मशीनवर किती तास उडलं ते लिहायच्या कागदावर, पहिल्या मशीनवरून काढल्याची नोंदच नव्हती, थेट दुसऱ्या मशीनवर बसवल्याची. म्हणजे मधे किती तास उडलं ते कुठेच नाही. इंजिनियरनी पेन खाली ठेवलं. मी म्हटलं, जास्तीत जास्त धरून टाका ना. ते म्हणाले, जास्तीत जास्त म्हणजे किती, ते तुम्ही सांगा. मला सांगता आलं नाही.

मग विकणाऱ्याच्या मागे लागलो. आज पाठवतो, उद्या पाठवतो, तो माणूस सुट्टीवर आहे, मेल गेलाय तुम्हीच बघा. तिसऱ्या आठवड्यात एक फोटो आला त्यात सिरीयल नंबरचे शेवटचे दोन आकडे कापले गेलेले! पुन्हा मेल, पुन्हा वाट. शेवटी मीच पहिल्या मशीनच्या मालकाला गाठलं, त्यांनी जुनी लॉगबुकं काढून दोन दिवसांत पान स्कॅन करून पाठवलं. दोन दिवसांत! मधले 212 तास त्यात स्पष्ट लिहिलेले होते.

म्हणून सांगतो, पैसे देण्याआधी कार्डाच्या दोन्ही बाजूंचे फोटो मागवा आणि ब्लेडवरच्या सिरीयल नंबरचा वेगळा फोटो मागवा, एकेक आकडा जुळवा. सर्टिफिकेट म्हणजे अमेरिकेचं 8130-3 किंवा युरोपचा ईएएसए फॉर्म 1. ते आहे म्हणून कार्ड बघायचं सोडू नका, मी तेच केलं होतं. आणि हो, इंजिनियरवर चिडू नका, मी एकदा आवाज चढवला होता, नंतर माफी मागितली.

कागद आल्यावर ब्लेड बसवणं, ट्रॅक आणि बॅलन्स म्हणजे दोन्ही ब्लेड एका पातळीत आणि समतोल फिरवणं, सगळं दोन दिवसांत झालं. हॉवरमध्ये, म्हणजे हवेत एका जागी थांबल्यावर, स्टिक हातात अगदी शांत होती. उतरल्यावर इंजिनियरनी लॉगबुकात सही केली आणि कार्डाची झेरॉक्स माझ्या हातात दिली, म्हणाले ही घरी वेगळी ठेवा.