उशिरा येणाऱ्यांची वही

अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी काही लिहून पाठवावे, असे शाळेचे पत्र आले तेव्हा मला सर्वप्रथम आठवली ती लाल पुठ्ठ्याची एक लांबडी वही. मी 1977 ते 1983 या काळात, पाचवीपासून दहावीपर्यंत, आपल्या शाळेत शिकलो आणि नववीत वर्गप्रमुख असताना उशिरा येणाऱ्यांची नावे टिपण्याचे काम माझ्याकडे होते. तारीख, नाव, वेळ आणि शेरा असे चार रकाने आखलेली ती वही हातात घेऊन मी फाटकाशी उभा राहत असे. एरवी वर्षभर त्या वहीला फारसे काम नसे. डिसेंबर उजाडला, की मात्र पाने भराभर भरू लागत.

त्याचे कारण आमच्या आळसाइतकेच नाशिकच्या थंडीतही होते. आठवी ते दहावीचे वर्ग सकाळच्या सत्रात भरत आणि घंटा सात वाजून वीस मिनिटांनी होई. आम्ही पंचवटीत राहत असू. पहाटे आई बंबात ढलप्या घाली आणि पाणी तापेपर्यंत आम्ही भावंडे त्या बंबाला जवळजवळ चिकटून बसत असू. शाळेचा नियम निळ्या स्वेटरचा होता, माझा मात्र मावशीने विणलेला पोपटी रंगाचा होता. त्यामुळे दोन हिवाळे मी तो शर्टाच्या आत घातला आणि वर्गात लठ्ठ दिसलो. सायकलच्या मुठी इतक्या गार लागत, की हातमोजे नसल्याने मी हातांत पायमोजे चढवी. होळकर पुलावर आलो, की डाव्या-उजव्या बाजूला न पाहता जोरात पायडल मारायचे असे रोज ठरवूनही नजर खाली जाईच. गोदावरीवरून वाफा निघत असत आणि रामकुंडाच्या बाजूला त्या वाफांतून बुडी मारून वर येणारी माणसे दिसत. त्यांच्याकडे पाहूनच अंगावर शहारा येई. रविवार कारंज्यावर पोहोचण्यापूर्वी एखाद्या दुकानातल्या रेडिओवर पुणे केंद्राच्या सात वाजून पाच मिनिटांच्या प्रादेशिक बातम्या ऐकू आल्या, तर आपण वेळेत आहोत असे समजावे; त्या घरीच कानांवर पडल्या, तर आपले नाव वहीत गेलेच असे धरून चालावे, असा आमचा हिशोब होता.

आमचे भूगोलाचे सर थंडीचाच धडा करून टाकत. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंचीवर आहे. पावसाळा सरला, की आकाश निरभ्र होते, हवा कोरडी होते आणि दिवसा तापलेली जमीन रात्री आपली उष्णता बिनदिक्कत वर सोडून देते. त्यात उत्तरेकडून गार वारे आले, की पारा झरझर उतरतो, हे त्यांनी फळ्यावर बाण काढून समजावले होते. बावीस डिसेंबरनंतर दिवस मोठा होऊ लागतो, तरी आपल्याकडे सूर्योदय जानेवारीच्या मध्यापर्यंत आणखी उशिराच होत जातो, हेही त्यांच्याकडूनच कळले. ‘म्हणजे संक्रांतीला उशीर झाला तर तो सूर्याचा दोष, सर,’ असे मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणाले आणि सर स्वतःच हसले.

हिवाळ्यात शाळा वर्गापेक्षा मैदानावर जास्त भरे. संस्कृतच्या बाई दुसऱ्या तासाला आम्हाला उन्हात नेऊन बसवत आणि पाठीला ऊन लागले, की निम्म्या वर्गाला डुलक्या येत. इतिहासाचे सर दरवर्षी 21 डिसेंबरला नेमलेला धडा बाजूला ठेवून याच गावात विजयानंद नाट्यगृहात 1909 साली अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या, तो प्रसंग सांगत. कान्हेरे आमच्याहून जेमतेम तीनेक वर्षांनी मोठे होते, हे ऐकून वर्ग गप्प होई. स्नेहसंमेलनाच्या तालमी, खो-खोचे सामने, प्रजासत्ताक दिनाच्या लेझमीची तयारी, दप्तरातली बोरे आणि त्यांच्या बिया मारल्याबद्दल मिळालेल्या छड्या, हे सारे इतरांनी लिहिले असेलच, म्हणून मी पुन्हा वहीकडे वळतो.

आमच्या वर्गात ओझरच्या अलीकडच्या एका मळ्यातून येणारा एक मुलगा होता. पहिल्या एस.टी.ने तो पंचवटीत उतरे आणि तिथून चालत शाळेत येई. जानेवारी 1982 मध्ये एका आठवड्यात तो लागोपाठ चार दिवस उशिरा आला. डोळे लाल, केस विस्कटलेले आणि अंगाला धुराचा उग्र वास. पहिले तीन दिवस मी फक्त वेळ लिहिली. चौथ्या दिवशी, कोणीही सांगितलेले नसताना, शेऱ्याच्या रकान्यात मी ‘बिडीचा वास येतो’ असे लिहिले. अक्षर माझे चांगले होते. ते तीन शब्द मी विशेष वळणदार काढले होते, हे मला आजही स्पष्ट आठवते.

पुढचे सगळे त्या शेऱ्यामुळे घडले. त्याचे खिसे तपासले गेले आणि एका खिशात काडीपेटी निघाली. तो काय सांगतो आहे हे कोणी पुरते ऐकून घेतले नाही. हातावर छड्या बसल्या आणि वडिलांना घेऊन ये असे फर्मान निघाले. दुसऱ्या दिवशी वडील आले. अंगावर घोंगडी, पायांत चिखल वाळलेल्या वहाणा. कार्यालयाच्या दाराशी उभे राहून ते एवढेच म्हणाले, ‘सर, पोरगं रात्री दोनपासून माझ्यासंगं बागेत असतं. काडीपेटी मीच दिलेली.’

ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी झालेल्या द्राक्षबागेत जानेवारीच्या सुमारास मण्यांत पाणी उतरू लागते. त्याच वेळी कडाका पडला, तर मण्याची साल ताणली जाऊन मणी तडकतात आणि वर्षाची कमाई आठवड्याभरात जाते. ओझर ज्या निफाड तालुक्यात येते, तो जिल्ह्यात थंडीसाठी प्रसिद्धच आहे आणि तिथे पारा कधी कधी पाच अंशांच्याही खाली जातो. अशा रात्री शेतकरी बागेत ठिकठिकाणी छाटणीच्या काड्या, पाचट आणि भुसा पेटवून शेकोट्या करतात. जाळापेक्षा धूर महत्त्वाचा असतो, कारण तो मांडवाखाली साचून राहतो आणि जमिनीतून निघणारी ऊब तिथेच थोडीफार अडवून धरतो. सोबत विहिरीचे पाणीही सोडतात, कारण पहाटे ते हवेपेक्षा कोमट असते. भूगोलाच्या तासाला मी जो बाण वहीत सुबकपणे उतरवून घेतला होता, त्या बाणाशी हा मुलगा रात्री दोनपासून सहापर्यंत झुंजत होता आणि मग आंघोळीला वेळ न मिळाल्यामुळे तसाच एस.टी.त बसत होता.

कार्यालयात त्याच्या वडिलांना खुर्ची दिली गेली आणि शिक्षा मागे घेतल्याचे सांगण्यात आले. अर्थात बसलेली छडी मागे घेता येत नाही. वर्गाने मात्र त्याला ‘शेकोटी’ हे नाव ठेवले आणि ते दहावीपर्यंत टिकले. मी त्याची माफी मागितली नाही. आपण दिसले तेच लिहिले, असे मी स्वतःला बजावत होतो. खरे तर मला नुसता वास आला होता, बिडी मी लिहिली होती.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात त्याने वर्तमानपत्रात गुंडाळलेला द्राक्षांचा एक घड आणला आणि मधल्या सुट्टीत माझ्या बाकावर उलगडला. मला आधी वाटले, खायला आणला आहे. घड मोठा होता, पण निम्म्याहून अधिक मणी देठापासून खालपर्यंत उभे फाटलेले होते. फटींतून रस गळून कागद चिकट झाला होता आणि त्यावरच्या बातम्यांची शाई मण्यांना लागली होती. एका मण्यात मुंगी अडकली होती. ‘अर्धा एकर असा गेला,’ तो म्हणाला. ‘शाळेत आलो त्या रात्रींचा नाही. वडील इथे आले ना, त्याच्या आदल्या रात्री जागून ते सकाळी लवकर निघाले, तेव्हा मागचा कोपरा विझला. हे लिही तुझ्या वहीत.’

मी काहीच लिहिले नाही. वर्ष संपल्यावर ती वही, बहुधा इतर वह्यांबरोबर, रद्दीत गेली. माझा शेरा तिच्यात खोडल्याशिवायच राहिला.

गेल्या जानेवारीत, थंडीची लाट आल्याचे वाचून, मी त्याला फोन केला आणि एक रात्र तुझ्या बागेत काढू दे, असे म्हटले. आता त्याची बाग वडिलांच्या वेळेपेक्षा तिप्पट आहे, ठिबक आहे, हवामानाचा अंदाज मोबाइलवर येतो. शेकोट्या मात्र अजून हातानेच पेटवाव्या लागतात. रात्री दोनला त्याने माझ्या हातात काडीपेटी ठेवली आणि बांधाकडच्या ओळीतला ढीग दाखवला. काड्यांवर दव बसले होते. वाकून वाकून कंबर धरली, बोटे बधिर झाली, काडी पेटे आणि विझे. शेवटी अर्धी पेटी संपल्यावर पाचटाने धूर धरला आणि तो हळूहळू मांडवाखाली पसरू लागला. तोवर त्याच्या सात शेकोट्या पेटून झाल्या होत्या. तो माझ्याजवळ आला, बॅटरी मनगटावर धरून त्याने घड्याळ पाहिले आणि म्हणाला, ‘दोन वाजून पस्तीस. उशीर झाला तुला.’