तुम्ही विचारलंत म्हणून: पोटशुळाचा घोडा पिंपात भरता येतो का?

प्रश्न साधारण असा असतो: "जिवंत घोडे असताना पशुवैद्यकाच्या मुलांना पिंप, नळ्या आणि सायकलच्या ट्यूबवर कशाला शिकवता? त्यानं काय हात बसणार?"

आधी घोडे कुठे आहेत ते बघू. आपल्याकडच्या विद्यार्थ्याच्या हाताखालून गाई, म्हशी, शेळ्या, कुत्री भरपूर जातात. घोडे मात्र महालक्ष्मी आणि पुण्याच्या रेसकोर्सवर, माथेरानला, लग्नाच्या वरातींत आणि दत्तजयंतीच्या सुमारास सारंगखेड्याच्या यात्रेत. पदवी घेऊन तालुक्याच्या दवाखान्यात रुजू झालेल्या डॉक्टरला पहिला पोटशूळ कदाचित रात्री दोन वाजता, टॉर्चच्या उजेडात भेटेल. घोडा लोळतोय, घामानं भिजलाय आणि मालक सांगतोय की कुणीतरी आधीच एक इंजेक्शन देऊन गेलंय.

त्या वेळी जी चूक होते, तिला दुसरी संधी नसते. घोड्याला उलटी होत नाही. जठर लहान, ८ ते १५ लिटरचं. आतडं अडलं की पाणी मागे साचतं आणि वाट मिळाली नाही तर जठर फुटतं. म्हणून नाकातून जठरापर्यंत नळी घालणं हा नुसता तपास नव्हे, जीव वाचवणारा उपचार आहे. हीच नळी श्वासनलिकेत गेली आणि तिच्यातून पॅराफिन (मल मोकळा करणारं तेल) ओतलं, तर घोडा आपल्या हातून जातो. नळकांड्यानं तोंडातून तेल पाजण्यातही हाच धोका.

म्हणून आमचं मॉडेल, म्हणजे सरावासाठीचा पिंप-नळ्यांचा खोटा घोडा, चूक होऊ देणारंच बांधावं लागतं. आत दोन वाटा: अन्ननलिकेसाठी मोटरसायकलची ट्यूब, श्वासनलिकेसाठी वॉशिंग मशीनचा वळ्यावळ्यांचा पाइप. हा फरक मुद्दाम ठेवलेला आहे. नळीच्या टोकाला तोंड लावून हवा ओढली, की मऊ ट्यूब चिकटते आणि ओढ अडते. पाइपातून मात्र हवा सहज येत राहते. जिवंत घोड्यातही असंच होतं. "घोडा खोकला नाही, म्हणजे नळी बरोबर आहे" हा समज इथेच मोडायचा, कारण गुंगीचं औषध दिलेला घोडा अनेकदा खोकतच नाही. दुसरी खूण मानेच्या डाव्या बाजूला: नळी सरकताना दिसली किंवा हाताला लागली पाहिजे.

मॉडेलच्या नाकपुडीतही दोन मजले आहेत. वरच्यात लाल रंगात भिजवलेला स्पंज. अंगठ्यानं नळी खाली दाबून धरली नाही की ती वर चढते आणि लाल पाणी गळतं. खऱ्या घोड्यात याच चुकीनं नाकातून धो धो रक्त येतं.

जठर म्हणजे टेबलावर ठेवलेला १० लिटरचा कॅन, कोंडा कालवलेल्या पाण्यानं भरलेला. विद्यार्थ्यानं नळीतून एक-दोन लिटर कोमट पाणी आत सोडायचं, टोक जठराच्या पातळीखाली आणायचं आणि बाहेर येणारं मोजायचं. इथली नेहमीची चूक: आत घातलेलं पाणी वजा करायला विसरणं. ते वजा करूनही दोन लिटरपेक्षा जास्त आलं, तर तेल द्यायचं नाही. नळी तशीच ठेवायची आणि घोड्याला शस्त्रक्रिया होऊ शकेल तिथे पाठवायची तयारी सुरू करायची. नळी काढताना टोक मुडपून धरायचं, नाहीतर तिच्यातलं पाणी घशाशी श्वासनलिकेत सांडतं.

गुदमार्गातून तपासणीसाठी आडवं ठेवलेलं प्लास्टिकचं पिंप. आत हलक्या फुगवलेल्या सायकल ट्यूबचे वेटोळे म्हणजे ताणलेलं लहान आतडं. निरोगी घोड्यात ते सहसा हाताला लागत नाही, म्हणून ते लागणं हीच बातमी. खाली डावीकडे कणीक भरलेला मोजा, दाबला की बोटाचा खड्डा राहतो: मोठ्या आतड्याच्या वळणावर तुंबलेला मल. तोंडाशी रक्तदाबाचा पट्टा बांधलाय. सहकारी तो फुगवतो, म्हणजे घोड्यानं जोर केला. अशा वेळी हात थांबवायचा, जोरासोबत मागे घ्यायचा. पुढे रेटला की आतला ओल्या टिश्यू पेपरचा थर फाटतो. तो फाटल्याचं हाताला जवळजवळ कळतच नाही, आणि सगळ्यात मोठा धडा हाच. खरा गुदमार्गही बहुतेक वेळा वरच्या बाजूला असाच फाटतो आणि तपासणाऱ्याला नंतर हातमोज्यावरचं रक्त दिसतं.

हात बसला की पूर्ण प्रसंग उभा करतो: एक घोडा धरणारा, एक तपासणारा, एक वेळ आणि आकडे लिहिणारा, शिवाय सतत प्रश्न विचारणारा मालक. घडी वीस मिनिटांची. हृदयाचे ठोके चिठ्ठीवर. विश्रांतीत मिनिटाला २८ ते ४४ ठीक, ६० च्या वर गेले की काळजी, ८० च्या वर फार वाईट. आतड्याचा ताण सैल करणारं हायोसिन दिल्यावर ठोके वाढतात, म्हणून आधी मोजून लिहायचे. आधी दिलेल्या वेदनाशामकाचं नाव, मात्रा आणि वेळ विचारली नाही, तर "आता बराय" हा निष्कर्ष फसवा निघतो. शेवटी द्रवाचा हिशेब: ४५० किलोचा घोडा, ८ टक्के निर्जलीकरण, म्हणजे ३६ लिटर. सलाइनच्या अर्ध्या लिटरच्या ७२ बाटल्या! हे गणित एकदा केलं, की विद्यार्थी चार बाटल्या लावून निर्धास्त होत नाही.

आणि हो, पिंप लाथ मारत नाही. कान, शेपूट, मागच्या पायावरचा भार वाचणं शांत, जिवंत घोड्याशेजारीच शिकावं लागतं. कुठे उभं राहायचं तेही तिथेच अंगात मुरतं: तपासणारा नेमका मागे नको, घोड्याच्या पुठ्ठ्याला खेटून बाजूला हवा, आणि घोडा धरणारा त्याच बाजूला. म्हणजे डोकं आपल्याकडे ओढलं की मागचा भाग तपासणाऱ्यापासून दूर वळतो. हे आम्ही मॉडेलनंतर घेतो, आधी नाही. नळी कुठल्या वाटेनं जाते याचा विचार हाताला आधीच पाठ असला, की विद्यार्थ्याचे डोळे घोड्याकडे लावायला मोकळे राहतात.