कोतवाल बुकातला आज्या

आमच्या तालुक्याच्या गावी, जुन्या जिनिंगच्या गोदामात, इतिहास मंडळाचं एक संग्रहालय आहे. गावात त्या नावानं विचारलं तर माणसं आभाळाकडे पाहतात. 'मोडी वाचून देतात थे ठिकाण' म्हटलं की पानठेल्यावरचं पोरगंही रस्ता दाखवतं.

पुढच्या खोलीत वस्तू मांडल्या आहेत. पायली, कुडव, तिफण, डवरा, एक चाक नसलेली रेंगी. यातल्या निम्म्या गोष्टी आमच्या काकूच्या कोठ्यात अजून पडून आहेत, त्यामुळे त्यांच्यापुढे चिठ्ठ्या लावलेल्या पाहून उगाच वय झाल्यासारखं वाटतं. येणारे लोक इथे थांबतच नाहीत. सरळ मागच्या खोलीत जातात, कारण खरा माल तिथे आहे.

तिथे लोखंडी कपाटं, लाल फडक्यात बांधलेले कागदांचे गठ्ठे, म्हणजे रुमाल, आणि वेखंडाचा उग्र वास. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या वर गेला की कागद पापडासारखा होतो, पावसाळ्यात वाळवी आणि कसर टपलेलीच. या सगळ्यांशी एकटे लढतात ते एक निवृत्त गुरुजी. मोडीची ओळ ते बोट न टेकवता, नुसती पट्टी सरकवत वाचतात. तारखेशी आले की मनातल्या मनात फसली सनात, म्हणजे जुन्या महसुली सालात, ५९० मिळवून इसवी सन सांगतात. वऱ्हाड निजामाचं होतं, त्याची ही एवढी खूण हिशेबात राहून गेली आहे.

त्यांच्यापुढे रांग असते ती इतिहासाच्या अभ्यासकांची नव्हे. कुणाच्या पोरीची इंजिनिअरिंगची अॅडमिशन अडली आहे, कुणाला ग्रामपंचायतीला उभं राहायचं आहे. जातपडताळणीच्या सर्टिफिकेटला, म्हणजे लोकांच्या भाषेत 'व्हॅलिडिटी'ला, ओबीसींना १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो, आदिवासींना १९५० च्या आधीचा. मग शाळेचं दाखलखारीज, नाहीतर कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदवहीची, नक्कल हातात घेऊन माणसं येतात. "गुरुजी, आमच्या आज्याचं नाव भेटते का पाहा ना जी."

आज्या सहसा सापडत नाही. कोतवाल बुकात नोंद व्हायची ती बारशाआधीच. 'गोविंदा वल्द सखाराम यास मुलगा झाला', एवढंच. पोराचं नाव नाही. शिवाय एकाच गावात तीन गोविंदा. मग कोणत्या गोविंदाचा, हे ठरवायला घरच्या म्हातारीला फोन लागतो, आणि ती आधी जुनं भांडण सांगते, मग नाव.

'हे लोक सर्टिफिकेटपुरते येतात, यांना इतिहासाचं काय,' असं मंडळातले काही जण कुरकुरतात. मला ते पटत नाही. या रुमालांपैकी एकही कागद इतिहासासाठी लिहिलेला नाही. कुणाचा सारा, कुणाचं वतन, कुणाची बांधावरची कटकट. हक्क शाबित करायचा होता म्हणून लिहिला, आणि पुढे लागेल म्हणून जपला.

त्या दिवशी एक शेतकरी आपली पाळी येईतो भिंतीवरची तसबीर पाहत उभा होता. ती चम्मकच्या ताम्रपटाची. चम्मक इथून जवळच, अचलपूरकडे. तिथे १८६८ च्या सुमारास शेत नांगरताना हे पत्रे निघाले. वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन, पाचवं शतक. राजानं त्या गावची आठ हजार 'भूमी' (हे तेव्हाचं जमिनीचं माप) एक हजार ब्राह्मणांना दिली, असं त्यावर कोरलेलं आहे.

"म्हंजे हा सातबाराच होय का जी?" त्यानं विचारलं.

"सातबाराच. पण अटी घातलेला," गुरुजी म्हणाले. राजद्रोह करायचा नाही, चोरी नाही, व्यभिचार नाही, दुसऱ्या गावाशी लढाई नाही. केलंत तर जमीन परत घेऊ आणि ती चोरी ठरणार नाही, हेही राजानं आधीच लिहून ठेवलं होतं.

"पक्का माणूस होता! अन् त्या हजार जणायची नावं आहेत का त्याच्यावर?"

"एकोणपन्नास आहेत."

शेतकऱ्यानं हातातली नक्कल उलटीसुलटी केली. "मंग बाकीच्यायची व्हॅलिडिटी अटकली असन न बाप्पा!"

गुरुजी पट्टी खाली ठेवून हसले. मग त्याच्याच कागदाकडे वळले आणि त्याला विचारलं, "तुमचा गोविंदा नदीकडचा, का वेशीकडचा?"