तुम्ही विचारलंत म्हणून: रक्त ताजंच का लागतं?

न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तपेशी तपासणाऱ्या आमच्या प्रयोगशाळेला वॉर्डातून हा प्रश्न येतच राहतो, कधी फोनवर, कधी जिन्यात गाठून. "सकाळी सहाला काढलेलं रक्त दुपारी दोनला दिलं तर काय बिघडलं? पेशी जिवंतच असतात ना?" असतात. ट्रायपॅन ब्लू (फक्त मेलेल्या पेशीत शिरणारा निळा रंग) घालून मोजा, बहुतेक सगळ्या जिवंत दिसतील. पण न्यूमोनियाच्या रुग्णाच्या मोनोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) जिवंत आहेत का, हे आम्हाला बघायचंच नाही. त्या साखर आणि ऑक्सिजन किती आणि कसा वापरतात, ते बघायचंय. नळीत पडल्यापासून नेमकं तेच बदलत जातं.

खोलीच्या तापमानाला नळीतली साखर तासाला साधारण ५ ते ७ टक्के घटते. पांढऱ्या पेशी खूप वाढलेल्या असतील, आणि न्यूमोनियात त्या बहुधा वाढतात, तर आणखी वेगाने. साखर मोडून तयार होणारं लॅक्टेट साचत जातं. आठ तासांनी आमच्या हातात रुग्ण नसतो, नळी असते. "मग करड्या झाकणाच्या नळीत देतो," असंही कोणी सुचवतं. अहो, त्यातलं फ्लोराइड एनोलेज हे विकर अडवून ग्लायकोलिसिसच, म्हणजे पेशीतलं साखर मोडण्याचं कामच, बंद पाडतं, आणि आम्हाला मोजायचंय ते ग्लायकोलिसिसच. हिरव्या झाकणाची, रक्त गोठू न देणाऱ्या हेपॅरिनची नळी द्या, बर्फात न ठेवता, दोन तासांच्या आत. एवढंच मागणं आहे.

गोठवून का नाही? काही वर्षांपूर्वी मीच सांगत असे, "गोठवून ठेवा, सगळे एकदम लावू." सोय होते, हे खरं. पण न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी गोठवून टिकत नाहीत, आणि बाकीच्या पेशी वितळल्यावर जो श्वसनदर दाखवतात त्यात आजाराचं किती आणि गोठवण्याचं किती, हे वेगळं काढता येत नाही.

तरी ताज्या रक्तानंही एकदा जबर फसवलं. ते सविस्तर सांगणं भाग आहे. भरतीच्या दिवशीचे आणि सातव्या दिवशीचे नमुने सीहॉर्सवर, म्हणजे पेशींचा ऑक्सिजनचा वापर मोजणाऱ्या यंत्रावर, लावले होते. पद्धत नेहमीची: फायकॉलवर (पेशी वजनानुसार वेगळ्या करणारा दाट द्रव) रक्त, सेंट्रिफ्यूजमध्ये ४०० जी (गुरुत्वाच्या ४०० पट), ३० मिनिटं, ब्रेक बंद, मधला पांढरा थर काढून धुतला, तबकडीच्या प्रत्येक वेलमध्ये (खळग्यात) दोन लाख पेशी, मग पेशीच्या श्वसनाचे टप्पे एकेक करून तपासणारी रसायनं क्रमाने: ऑलिगोमायसिन, एफसीसीपी, आणि शेवटी रोटेनोनसोबत अँटिमायसिन. आलेख सुरेख आला. पहिल्या दिवशी ऑक्सिजनचा वापर खाली, सातव्या दिवशी वर. 'पेशी सावरल्या', निष्कर्ष तयार.

सावरल्या होत्या प्लेटलेट, रक्त गोठवणाऱ्या चिमुकल्या पेशी. रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये लिम्फोसाइट आणि मोनोसाइट मिळून दोन-तीन हजार, आणि प्लेटलेट दीड ते चार लाख. त्यांनाही मायटोकॉन्ड्रिया (ऑक्सिजन वापरून ऊर्जा बनवणारे पेशीतले भाग) असतात, त्याही ऑक्सिजन ओढतात, आणि फायकॉलच्या थरात त्या भरपूर येतात. न्यूमोनियात सुरुवातीला त्या कमी असू शकतात आणि आठवड्याभरात उसळी घेतात. पेशी मोजताना त्या कोणी धरत नाही, त्यामुळे त्यांचा ऑक्सिजन मोनोसाइटच्या नावावर जमा होतो. पुढचे नमुने २०० जीवर दहा-दहा मिनिटं तीनदा फिरवून, दर वेळी वरचं गढूळ पाणी टाकून लावले, तेव्हा तो फरक बराचसा विरला.

बराचसा, सगळा नाही. उरलेला खरा का? सांगता येत नाही. संसर्गात प्लेटलेट मोनोसाइटना चिकटूनच बसतात, त्या धुऊन निघत नाहीत. सीडी६१ (प्लेटलेटची खूण) शोधणारं रंगीत प्रतिपिंड लावून फ्लोवर (एकेक पेशी तपासणाऱ्या यंत्रावर) तपासलं तर किती चिकटल्यात ते कळतं, पण सुटत नाहीत. शिवाय दर धुण्यात पेशी गळतात, त्यात आधीच नाजूक झालेल्या पहिल्यांदा जात असाव्यात. म्हणजे शुद्धता वाढवताना आपण धडधाकट पेशीच निवडत नाही ना? या शंकेला माझ्याकडे उत्तर नाही.

आणि कृपा करून नळीसोबत औषधांची यादी द्या. लिनेझोलिड आणि डॉक्सिसायक्लिन मायटोकॉन्ड्रियातली प्रथिननिर्मिती दाबतात, मधुमेहाचं मेटफॉर्मिन मायटोकॉन्ड्रियातल्या श्वसनसाखळीच्या पहिल्या टप्प्याला, कॉम्प्लेक्स १ला, अडवतं, साल्ब्युटामॉलच्या नेब्युलायझेशनने रक्तातलं लॅक्टेट चढतं. 'अँटिबायोटिक चालू' एवढ्या नोंदीचं आम्ही काय करायचं?

"पण आजार फुप्फुसात आणि तुम्ही मोजता रक्तात," असं कोणी म्हटलं की मी चिडून उत्तर देऊ लागतो आणि अर्ध्यावर थांबतो. वायुमार्गाच्या अस्तरावरच्या द्रवात साखर रक्ताच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी असते. आम्ही पेशी ज्या द्रवात ठेवतो त्या माध्यमात ती १० मिलिमोलर, म्हणजे उपाशीपोटीच्या रक्ताच्या दुप्पट. ती ५ वर आणून पाहिली, तर आकडे हलतात. कोणता आकडा रुग्णाचा, हे ठरत नाही. तोवर निदान रक्त काढल्याची वेळ नळीवर लिहा. तास आणि मिनिटं, नुसतं 'सकाळी' नको.