बिनपगारी संपादकी

आमच्या प्रोग्रॅमिंगवरच्या द्वैमासिकात कुणालाच पैसे मिळत नाहीत. लेखक, परीक्षक, अंकाची मांडणी करणारा मित्र आणि संपादक म्हणून मी, आम्ही सगळे दिवसा कुठे ना कुठे कोड लिहून पोट भरतो. अंकाचं काम रात्री नाहीतर शनिवार-रविवारी. वाचकही याच धंद्यातले, त्यामुळे अंकात काही चुकलं तर पहिल्याच दिवशी कुणीतरी दाखवून देतं. अंक वेळेवर आला तर मात्र कुणी ब्र काढत नाही.

‘लेख पाठवा’ असं आवाहन दर अंकात असतंच. त्यावर येतं ते बहुतेक ‘गिटची ओळख’ छापाचं (गिट म्हणजे कोडमधले बदल नोंदवून ठेवणारं साधन). असे लेख जगात ढिगाने पडले आहेत, आणि रोज गिट वापरणाऱ्याला त्याचा काय उपयोग? चांगला लेख मागावा लागतो, तोही नेमका. कुणी गप्पांमध्ये तावातावाने सांगत असतं की डेटाबेसमधला एक रकाना बदलायला त्यांना कशा चार पायऱ्या कराव्या लागल्या: आधी नवा रकाना जोडला, मग दोन्हीकडे लिहीत राहिले, मग जुनी माहिती हलवली आणि शेवटी जुना रकाना काढला. मी लगेच म्हणते, ‘हे एवढंच लिहा, जास्त काही नको.’ उत्तर ठरलेलं: ‘मला लिहिता येत नाही हो.’ असं म्हणणाऱ्यांचेच लेख मला सगळ्यात जास्त आवडले आहेत. त्यांच्याकडे सांगण्यासारखं खरंच काहीतरी असतं आणि प्रस्तावनेत ते अर्धं पान घालवत नाहीत.

लेखकाने होकार दिला की मी पहिला प्रश्न कंपनीच्या परवानगीचा काढते. विषय रुक्ष आहे, पण लेख सगळ्यात जास्त अडकतात ते इथेच. बऱ्याच नोकरीच्या करारांत कामाच्या वेळेबाहेर लिहिलेल्या कोडवरही कंपनी हक्क सांगते. पैसे भरण्याच्या यंत्रणेवर काम करणाऱ्या एका लेखकाने फार सुंदर मसुदा दिला होता. नेटवर्क तुटल्यामुळे तीच विनंती पुन्हा आली, तर पैसे दोनदा कापले जाऊ नयेत म्हणून प्रत्येक विनंतीला वेगळी खूण कशी द्यायची, ती कुठे आणि किती काळ जपायची, असा विषय. त्यांच्या कायदा विभागाने तो सरळ नाकारला. मग आम्ही पैशाचा उल्लेखच काढला आणि उदाहरण नाट्यगृहातल्या खुर्चीच्या आरक्षणाचं घेतलं. तत्त्व तेच, कोड पूर्ण नवा. परवानगी मिळाली, शिवाय दोन खुर्च्या अडकल्याचं वाचकाला चटकन डोळ्यांसमोर येतं, हा वरचा फायदा. तेव्हापासून मी आराखड्याच्या टप्प्यावरच सांगते, आधी विचारून घ्या.

हक्कांचं आमचं धोरण साधं आहे. लेख लेखकाचाच राहतो. मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्सच्या सीसी बाय 4.0 परवान्याखाली (श्रेय देऊन कुणीही वापरावं असा) आणि कोड एमआयटी या सॉफ्टवेअरच्या मोकळ्या परवान्याखाली, कारण सॉफ्टवेअरसाठी आपले परवाने वापरू नका, असं क्रिएटिव्ह कॉमन्सवाले स्वतःच सांगतात. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रॅमरांच्या प्रश्नोत्तरांच्या साइटवरून उचललेला कोड असेल तर तो आम्ही परत पाठवतो. तिथला मजकूर सीसी बाय-एसए खाली असतो, म्हणजे श्रेय द्यावं लागतं आणि पुढेही तोच परवाना ठेवावा लागतो. निम्म्या लेखकांना हे ठाऊक नसतं.

आता परीक्षण. डेव्हलपरला लेख तपासायला दिला की तो ऑफिसात सहकाऱ्याचा कोड तपासतो तसाच तपासतो: व्हेरिएबलच्या नावांवर वीस शेरे, आणि मूळ दाव्यावर एकही नाही. म्हणून मी परीक्षकाला तीनच गोष्टी विचारते. दावा खरा आहे का? कोड चालतो का? ज्याला हा विषय नवा आहे त्याला वाट सापडेल का?

वेगाच्या मोजमापाचे लेख सगळ्यात घातकी. सी++ वरच्या एका लेखात दोन पद्धतींची तुलना होती आणि दुसरी पद्धत जवळजवळ शून्य वेळात संपत होती. परीक्षकाने कंपाइलरने (लिहिलेल्या कोडचं यंत्राच्या सूचनांत रूपांतर करणारा प्रोग्रॅम) तयार केलेला असेंब्ली कोड उघडून पाहिला, तर त्यात लूपच, म्हणजे हिशेब पुन्हा पुन्हा करणारा भागच, नव्हतं! हिशेबाचं उत्तर पुढे कुठे वापरलंच नव्हतं, म्हणून कंपाइलरमधल्या, कोड वेगवान करणाऱ्या ऑप्टिमायझरने सगळं काम निरुपयोगी ठरवून कापून टाकलं होतं. लेखकाने उत्तर छापून घेतलं, पुन्हा मोजलं, आणि फरक मामुली निघाला. मग त्याने लेखाचा विषयच बदलला, ‘माझं मोजमाप कसं फसलं’. तो मूळ लेखापेक्षा कितीतरी सरस उतरला.

दुसरा छुपा शत्रू म्हणजे वर्ड. ते सरळ अवतरणचिन्हं आपणहून गोल करतं आणि दोन उणे चिन्हांची एक लांब रेघ. डोळ्यांना छान दिसतं, पण वाचकाने कॉपी केलं की कंपाइल होत नाही. आता आम्ही लेख मार्कडाउनमध्येच, म्हणजे साध्या खुणा घातलेल्या निव्वळ मजकुरात, घेतो. एक छोटी स्क्रिप्ट त्यातले कोडचे तुकडे वेगळे काढून चालवून बघते. जो तुकडा चालत नाही तो मांडणीला जात नाही. हल्ली यंत्राने लिहिलेले लेखही येतात, आणि त्यांत लायब्ररीत मुळात नसलेली फंक्शन्स बिनदिक्कत वापरलेली असतात. तीही इथेच अडकतात.

आयएसएसएन, म्हणजे नियतकालिकांचा ओळख क्रमांक, मिळवण्याचं काम मला वाटलं होतं त्यापेक्षा सोपं निघालं. आठ अंकी क्रमांक, त्यातला शेवटचा पडताळणीचा, आणि तो कधीकधी एक्सही असतो. आमच्या वाचकांना मासिकापेक्षा या पडताळणीच्या गणितातच जास्त रस वाटला.

वेळापत्रक मात्र कधीच सरळ चालत नाही. फुकट काम करणाऱ्याला तगादा लावायचा तरी किती? 2021 च्या डिसेंबरात लॉगफोरजे या जावा प्रोग्रॅममध्ये नोंदी ठेवणाऱ्या लायब्ररीतली सुरक्षेची त्रुटी बाहेर आली, तेव्हा आमचे जावावाले सगळे परीक्षक एका दिवसात गायब झाले. जो तो आपापले सर्व्हर शोधून दुरुस्त करत बसलेला. जानेवारीचा अंक निघाला तो आधीच तपासून ठेवलेल्या लेखांवर. बेगमीला दोन लेख ठेवायचे हा नियम मी तेव्हापासून मोडलेला नाही.

संपादकपदाची सूत्रं आता मी सोडते आहे. डोमेन, होस्टिंग आणि त्या स्क्रिप्टच्या किल्ल्या तिघांकडे दिल्या आहेत. आधी डोमेन एका जुन्या सदस्याच्या खासगी ईमेलवर होतं आणि नूतनीकरणाची सूचना कुणीच न वाचलेल्या पेटीत जात होती. पुढचा अंक सहसंपादक काढणार, मी त्यात नुसती परीक्षक. माझ्याकडे टेस्टिंगवरचा एक लेख आला आहे. लेख चांगला आहे, पण दुसऱ्या उदाहरणात टाइमझोनचा विचारच नाही, त्यामुळे ती टेस्ट मध्यरात्रीच्या आसपास चालवली की पडते. रविवारपर्यंत तसं कळवायचं आहे.